दोष सुरीचा होता

आईच्या हातातून सुरी मीच काढून घेतली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे भावाचं बरंच काही येईल आणि वाचणाऱ्याला वाटेल की सगळं त्यानंच केलं. त्यानं फक्त फोनवर सांगितलं. हात माझा होता.

आई माझ्याजवळ राहते. नागपुरात मानेवाड्याला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मी शाळेत गणित शिकवते, लग्न केलं नाही. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तो पुण्याला नोकरीला. आम्ही विणकर घरातले. गोळीबार चौकाच्या मागं आमचं घर होतं, घरात एकच माग होता, आणि बाबा कापडाच्या दुकानात कामाला लागल्यावर त्या मागावर आई बसायची. सुती लुगडी विणायची. पुढं ते काम संपलं, माग विकला, बाबाही गेले. पण तिच्या हाताला रिकामं राहायची सवय काही लागली नाही. नोकरी माझी आणि स्वयंपाक तिचा, अशी आमची वाटणी कित्येक वर्षं सुखानं चालली होती. मला साधं वरण फोडणीला घालायचं असलं तरी ती म्हणायची, "तू पेपर तपास. इथं गर्दी करू नको."

दोन वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये घसरली आणि उजव्या हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा हात वाळल्या दोडक्यासारखा दिसत होता. फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार मायेनं बोलायच्या. त्यांनी एक मऊ रबरी चेंडू दिला, दिवसातून तीन वेळा दाबा म्हणाल्या. आईनं दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी तो टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये गेला.

"काहून ठेवला?" मी विचारलं.

"लेकराचं खेळणं आहे ते. दाबून दाबून काय निघते त्याच्यातून?"

आणि ती सरळ ओट्याशी जाऊन उभी राहिली. पूर्वी ती विळीवर चिरायची, पण गुडघ्यांनी खाली बसणं बंद केल्यापासून सुरीवर आली होती. सुरी मी कधीतरी एका प्रदर्शनातून आणलेली, काळ्या मुठीची. आणली त्या दिवसापासून तिला कुणी धार लावली नव्हती. धार लावायची असते हे माझ्या डोक्यातच नव्हतं. सुरी म्हणजे चमच्यासारखीच एक वस्तू, घासली की झालं, असा माझा समज.

चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर आई ओट्याला टेकून उभी, डाव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला आणि टॉवेल लाल. टमाटर चिरताना सुरी सालीवरून घसरली आणि तर्जनीत गेली. तीन टाके पडले.

रात्री भावाचा फोन आला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. "ताई, तिच्या हातात जोर नाही गं आता. सुरी परत सुटली तर? तू शाळेत असशील, दार आतून बंद. तिला किचनमध्ये जाऊच देऊ नको. एक बाई लाव."

मला पटलं. खरं सांगायचं तर मी पटवून घ्यायला तयारच होते, कारण तो लाल टॉवेल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी घरातल्या तिन्ही सुऱ्या एका डब्यात घातल्या आणि डबा कपाटाच्या वर, जिथं आईचा हात पोचत नाही तिथं ठेवला. ती पलंगावर बसून पाहत होती.

"कुठं ठेवून राहिली?"

"वर."

"हो का," ती म्हणाली. आणि तिनं टीव्ही लावला.

दुसऱ्या आठवड्यापासून स्वयंपाकाला मावशी यायला लागल्या. सकाळचा एक तास. त्या भल्या बाई होत्या, पण चार घरची कामं करून यायच्या आणि जुन्या विळीवर घाईघाईनं चिरायच्या. बटाट्याच्या फोडी लिंबाएवढ्या, कांदा कसातरी फाडलेला, सांबार देठांसकट. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात आणि आईला तो भाजीवर असा बारीक भुरभुरलेला लागतो. आई ताटातले देठ एकेक करून बाजूला काढायची. मी वाट पाहायची की आता बोलेल, आता मावशींना धारेवर धरेल. ती काही बोलायची नाही.

हे मला जड जाऊ लागलं. माझी आई मालिकांमधल्या माणसांशीसुद्धा भांडणारी. "अवं, तो खोटं बोलून राहिला, तुले दिसत नाही का?" असं टीव्हीला ओरडून सांगणारी. ती आता नुसती बघत बसायची. खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "आजी, आता आराम आहे नं तुम्हाले?" आई म्हणाली, "हो नं. आरामच आराम." वहिनी गेल्यावर तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी वह्या तपासत होते. एकाच मुलाच्या गणिताला मी दोनदा गुण दिले.

असे दोन महिने गेले.

दिवाळीच्या थोडं आधी, एका रविवारी मावशी आल्या नाहीत. मी म्हटलं, आज मी करते. डबा खाली काढला, काळ्या मुठीची सुरी घेतली, टमाटर ठेवलं आणि दाबलं. टमाटर चेपलं. अजून दाबलं. सालीवर एक रेघही उठली नाही, आणि मी जोर वाढवला तशी सुरी सर्रकन बाजूला घसरली आणि माझ्या डाव्या तर्जनीच्या नखावर आपटली. नख होतं म्हणून वाचले. तरी नखाच्या कडेनं रक्त आलंच. मी ओरडले.

आई दारात उभी होती. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

"नळाखाली धर. दाबून ठेव," ती म्हणाली. मी धरलं. मग ती दोन पावलं आत आली, ओट्यावरच्या त्या चेपलेल्या टमाटराकडं तिनं पाहिलं, माझ्या बोटाकडं पाहिलं आणि अगदी थंडपणे विचारलं, "माहा तर हात खराब होता. तुह्या हाताले काय झालं वं?"

मी नळाखाली बोट धरून उभी राहिले. तिचं बोट कापलं ते याच सुरीनं, याच फळावर, याच बोटाला. माझं मनगट धडधाकट. पंचवीस वर्षं पोरांना शिकवलं की उत्तर चुकलं तर आधी काय दिलंय ते नीट वाचा. आणि इथं मी, माझा भाऊ, आम्ही दोघांनी मिळून काहीही न वाचता आईला घरी बसवलं होतं.

"आई," मी म्हटलं, "ही सुरी कापतच नाही."

"मले माहीत होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"कोणी विचारलं?" ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी ठरवलं. मी म्हटलं, असेल. हाताले जोर तर खरंच नव्हता."

हे शेवटचं वाक्य ती हळू बोलली. तेव्हा मला कळलं की तिलाही ते पटत चाललं होतं. मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

दुपारीच मी तिला स्कूटरवर मागं बसवलं आणि इतवारीला नेलं. पडल्यापासून दवाखाना सोडून ती कुठंच गेली नव्हती. भांड्यांच्या गल्लीत हातगाड्यांच्या मधून तिचा डावा हात धरून चालताना मीच धास्तावलेली होते. ती मात्र पितळेच्या घागरींकडं, स्टीलच्या डब्यांच्या मनोऱ्यांकडं बघत मजेत चालली होती. एका दुकानात मी सुरी पिशवीतून काढून दाखवली. दुकानदारानं अंगठा धारेवर आडवा फिरवला आणि हसला.

"मॅडम, ये तो बटर लगाने की हो गयी."

मी नवी सुरी दाखवा म्हणणार, तेवढ्यात आई मधे पडली. "नवी कायले? हिचं पोलाद चांगलं आहे. धार लावायचं काही आहे का?"

त्यानं काउंटरखालून एक लहानसं यंत्र काढलं. यंत्र म्हणायचं, पण त्यात फिरणारं काही नाही. मुठीत मावेल एवढं, एका बाजूला पकडायला दांडा आणि पुढं दोन खाचा. एक खाच खरखरीत, दुसरी बारीक. त्यानं यंत्र काउंटरवर टेकवून डाव्या हातानं दाबून धरलं, सुरीचा मुठीकडचा भाग पहिल्या खाचेत ठेवला आणि टोकापर्यंत आपल्याकडं ओढत आणला. उचलली. पुन्हा मुठीकडून. "एकच तरफ. आगे-पीछे नाही करायचं. पाच-सात वेळा इसमें, मग पाच-सात वेळा बारीकमध्ये." मग आईच्या वाळलेल्या मनगटाकडं त्याचं लक्ष गेलं असावं. तिच्याकडं बघून तो म्हणाला, "माताजी, इसमें ताकत का काम नहीं है. जोर लावला तर उलट धार बिघडते. सुरीचं वजन आहे, तेवढंच बस."

आईनं माझ्याकडं पाहिलं. स्कूटरवर बसताना तिनं ती पिशवी माझ्याकडं दिली नाही. मांडीवर घेऊन बसली.

घरी आल्यावर पहिला प्रयोग मी केला. अर्थात मी चुकले. दुकानदारानं सांगितलेलं सगळं मला पाठ होतं, पण हातात सुरी आली की हात आपलं जुनंच करतो. मी पुढं-मागं, पुढं-मागं, करवतीसारखी घासली आणि चांगला जोर लावला. काळी भुकटी पडली, खर्र खर्र असा दात आंबणारा आवाज आला, मला वाटलं फार छान चाललंय. मग टमाटर घेतलं. सुरीनं साल पकडली खरी, पण कापली नाही, फाडली. बिया ओट्यावर.

आई खुर्चीवर बसून होती. "तू ओढत नाही, भांडून राहिली तिच्याशी," ती म्हणाली. "दे इकडे."

मी दिली नाही लगेच. सुरी माझ्या हातात होती आणि माझ्या कानात भावाचा आवाज होता. तिचा उजवा हात पुढं आलेला, बोटं थोडी थरथरत होती. मला वाटतं, मी पाच-सहा सेकंद तशीच उभी होते. ते पाच-सहा सेकंद आठवले की मला अजून लाज वाटते.

मग मी सुरी तिच्या हातात दिली.

तिनं आधी ओट्यावर ओल्या फडक्याची घडी टाकली, यंत्र त्यावर ठेवलं. असं ठेवलं की ते सरकत नाही, हे तिला दुकानदारानं सांगितलं नव्हतं. डावा तळवा यंत्रावर. उजव्या हातात सुरी, घट्ट नाही, नुसती धरलेली. आणि तिनं ओढली. हळू, मुठीपासून टोकापर्यंत, एका लयीत. थांबली. पुन्हा. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले.

"काय झालं? दुखून राहिलं का?"

"गप्प. ऐकून राहिली मी."

मीही ऐकलं. पहिल्यांदा खर्र आवाज येत होता, मधेच अडखळत होता. ओढता ओढता तो एकसारखा होत गेला. सातव्या-आठव्या वेळी मुठीपासून टोकापर्यंत एकच सूर आला, कुठं खड्डा नाही. "झालं इथलं," ती म्हणाली आणि बारीक खाचेकडं गेली. मधे तिनं दोनदा हात खाली सोडून बोटं झटकली, दम घेतला. मला वाटलं, म्हणावं राहू दे. पण म्हटलं नाही. बारीक खाचेतून शेवटी सुरी गेली तेव्हा आवाज जवळजवळ येतच नव्हता.

तिनं सुरी धुतली, पुसली. पुसतानाही कापड धारेवरून नाही, पाठीकडून. मग म्हणाली, "शिवणाच्या डब्यातून दोरा आण."

मला काही कळेना. दोरा आणला. तिनं वीतभर तोडला आणि मला एका टोकाला चिमटीत धरायला लावला, खालचं टोक लोंबतं. "ताणलेला दोरा कोणीही कापते. ढिला दोरा कापला तर खरी. मागावर आम्ही तसंच पाहत होतो." आणि तिनं त्या लोंबत्या दोऱ्याला सुरी नुसती लावली, आडवी. दोऱ्याचा अर्धा भाग खाली पडला. माझ्या बोटांना झटकासुद्धा जाणवला नाही.

मी ओरडले. या वेळी आनंदानं.

फाटलेलं टमाटर बाजूला सारून आईनं नवं घेतलं. आता खरंच हात थरथरत होता, पण त्यानं काही बिघडलं नाही. सुरीला सांगावं लागत नव्हतं. ती सालीवर टेकली आणि आपल्या वजनानं आत गेली. पहिली चकती कागदासारखी, पलीकडचा ओटा दिसावा अशी. दुसरी. तिसरी. ओट्यावर रसाचा थेंब नाही. सगळं टमाटर चिरून झाल्यावर तिनं एक चकती उचलली, मीठ लावलं, तोंडात टाकली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "उद्या मावशीले सांग, भाजी मी चिरून ठेवीन. तिनं फक्त शिजवायची."

भावाला मी काही सांगितलं नाही. हे बरोबर नव्हतं, तरी सांगितलं नाही. तो दर दोन दिवसांनी फोन करून विचारायचा, "आई किचनमध्ये जात नाही नं?" आणि मी म्हणायची, "मावशी आहेत नं." यात खोटं काही नव्हतं, मावशी होत्याच.

त्यानंतरचे दिवस भराभर गेले. आईनं घरातली दुसरी सुरीही लावली. पहिल्या आठवड्यात तर रोजच लावायची, मग तिच्याच लक्षात आलं की गरज नसताना लावली की पोलाद उगाच झिजतं. तेव्हापासून दोऱ्यानं बघायची आणि दोरा अडला तरच लावायची. तिसरी, ब्रेड कापायची दातेरी सुरी मी पुढं केली तर तिनं परत दिली. "हिला दात आहेत. ही या खाचेत घातली तर दोघांचंही वाटोळं." खालच्या वहिनी एकदा वाटी मागायला आल्या आणि आईला कांदा चिरताना बघून दारातच थबकल्या. दुसऱ्या दिवशी त्या आपली सुरी पदराखाली लपवून घेऊन आल्या, सासूबाईंना कळू नये म्हणून. मग समोरच्या घरची सुरी आली. मग वरच्या मजल्यावरची. दुपारी मी शाळेतून यायची तर आमच्या ओट्याभोवती बायका आणि आईचं व्याख्यान चालू. "दाबू नका वं. दाबायचं नाही. ओढा." टीव्ही बंद.

महिन्याभरानं मी तिला फिजिओथेरपीला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी एक पकड मोजायचं यंत्र तिच्या हातात दिलं. काटा पाहिला, मागच्या वेळचा कागद पाहिला, पुन्हा काटा पाहिला.

"अरे वा, आजी! चेंडूचा व्यायाम नियमित केला वाटतं."

"नाही केला," आई म्हणाली.

"मग?"

"सुऱ्या."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं, थोडं घाबरतच. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आईचं मनगट वळवून पाहिलं, बोटं एकेक दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ओढायची हालचाल चांगली आहे. हळू करा, थकवा आला की थांबा." आणि मग जरा आवाज खाली करून, "आजी, आमच्याकडची सुरी आणली तर चालेल का?"

डिसेंबरच्या अखेरीस भाऊ आला, चार दिवसांसाठी. रात्रीच्या बसनं आला, सकाळी सहाला दारात. थंडी चांगली पडली होती. आदल्या दिवशी आईनं बाजारातून हिरव्यागार सांबाराच्या मोठमोठ्या जुड्या आणवल्या होत्या, निवडून, धुऊन, सुती लुगड्यावर पसरून पंख्याखाली कोरड्या करून ठेवल्या होत्या. लेक येणार म्हणून सांबारवडी करायची होती. थंडीत नागपूरच्या घरात ती होतेच, पण आमच्याकडे त्या वर्षी अजून झाली नव्हती. त्या वडीचा सगळा जीव सारणात असतो आणि सारणाचा जीव सांबार कसा चिरला त्यात. बोथट सुरीनं तो चिरडतो, काळा पडतो, पाणी सोडतो आणि मग वडी तेलात फुटते.

भाऊ आंघोळ करून चहाच्या वासानं किचनच्या दारात आला आणि तिथंच थांबला. आई ओट्याशी उभी, समोर सांबाराचा हिरवा ढीग, हातात काळ्या मुठीची सुरी.

"आई! ठेव ती! ताई, हे काय आहे? तू तर म्हणाली होती..."

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

"तू बस गा बाबू," आई मागं न बघता म्हणाली. "चहा गार होऊन राहिला."

तो बसला नाही. बॅगेकडं धावला आणि एक खोका घेऊन आला. आईसाठी पुण्याहून त्यानं भाजी चिरायचं विजेचं मशीन आणलं होतं. बटन दाबलं की झालं, हाताला काम नाही. मोठ्या प्रेमानं आणलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आईनं सुरी खाली ठेवली. "लाव," म्हणाली.

त्यानं मूठभर सांबार मशीनमध्ये टाकला, बटन दाबलं, घर्र झालं. झाकण उघडलं. आत ओला, गडद लगदा. आईनं तो चमच्यानं काढून वाटीत घेतला, वास घेतला. "चटणीले एकदम मस्त आहे," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, टोमणा नव्हता. "ठेव, रोज कामाला येईल. आता इकडे पाहा."

तिनं एक जुडी ओट्यावर आडवी धरली, डाव्या हाताची बोटं आत मुडपली आणि चिरायला लागली. सुरी वर-खाली होत होती आणि सांबार तिच्या मागं हिरव्या भुशासारखा पडत होता, कोरडा, सुटा सुटा. घरभर वास पसरला. एक जुडी झाली, दुसरी झाली. भाऊ उभ्यानं पाहत होता. त्याची नजर सुरीवर नव्हतीच, तिच्या मनगटावर होती. तिसऱ्या जुडीला त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

"दुखत नाही?" त्यानं विचारलं.

"थकते. मंग थांबते. तू थकत नाही का ऑफिसात?"

"मी तुले स्वयंपाकातून काढायले नको होतं," तो म्हणाला. पुण्यात वीस वर्षं राहून तो शुद्ध बोलायला शिकलाय, पण त्या वेळी आपोआप घरचं तोंडात आलं.

"तू घाबरला होता. लेकरानं घाबरावं," आई म्हणाली. "पण एकदा मले विचारत जा. दोघंही. मी अजून आहे घरात."

आम्ही दोघांनी माना हलवल्या. शाळेतल्या पोरांसारख्या.

मग तिनं आम्हाला कामाला लावलं. भावाला लसूण सोलायला, मला खोबरं किसायला. खसखस, तीळ, चारोळी भाजून झाली, मिरचीचं वाटण तेलात परतलं आणि वरून तो सगळा सांबार पडला, तेव्हा कढई भरून हिरवी झाली आणि क्षणात अर्ध्यावर बसली. पाणी सुटलं नाही. आईनं वाकून कढईत पाहिलं आणि बोट न लावता म्हणाली, "जमलं." लाटलेल्या पाऱ्यांना आतून चिंचेचं पाणी, सारण, घडी. पहिली वडी तेलात सोडली तेव्हा आम्ही तिघंही कढईभोवती उभे होतो. ती फुटली नाही. दुसरीही नाही. एकही वडी फुटली नाही.

भावानं सात खाल्ल्या, कढीबरोबर. आठवी हातात धरून त्यानं पुण्याला बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि वडी मधोमध तोडून कॅमेऱ्यासमोर धरली. "हे आईनं केलंय. चिरलंयसुद्धा आईनंच. स्वतः. नाही गं, मशीननं नाही! मशीन चटणीला ठेवलंय." फोनमधून ती काहीतरी विचारत होती आणि तो तिला सांबार कसा चिरतात ते समजावून सांगत होता, जणू यानंच सकाळपासून चिरला.

आई ताट घेऊन बसली होती. तिनं आधी आपल्याला एक वडी घेतली, खाल्ली, पाणी प्यायली. मग मला म्हणाली, "उद्यापासून मावशीनं पोळ्या तेवढ्या करायच्या. भाजी माही. वरण माहं. सणावाराचं सगळं माहं."

"बरं," मी म्हटलं.

"आणि तू पेपर तपास," ती म्हणाली, आणि भावाकडं वळून, "बाबू, कढी दे इकडे."